लिंबोणीला दोन वेळचं पाणी

तीर्थरूप वन्सं,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत म्हणून उभ्यानेच केला आहे, पूर्ण धरावा.) तुमची कंबर कशी आहे? माझं बरं चाललं आहे. जेवते, झोपते, संध्याकाळी वाचनालयात जाऊन पुस्तक बदलते. तुमचे भाऊ गेल्यापासून घरात आवाज कमी झाला आहे, एवढंच.

लिहायचं आहे ते तुम्ही दिलेल्या लिंबोणीबद्दल. कुंडी देताना तुम्ही म्हणाला होता, घरची लिंबं खाशील. त्यानंतर इतकी वर्षं आम्ही लिंबं बाजारातूनच आणली. पानं पिवळी पडायची, गळायची. मी पुस्तकं वाचून माती बदलली, कुंडी बदलली, खिडकीतून गॅलरीत नेली, गॅलरीच्या या टोकाकडून त्या टोकाला नेली. (तुमचे भाऊ म्हणाले, "एकदा तिलाच विचार, कुठे राहायचंय.") पाणी मात्र रोज सकाळी एकच तांब्या. ह्यांनी कधी कुंडीकडे ढुंकून पाहिलं नाही, असं मी चारचौघांत सांगत आले. जन्मभर लोकांचे चष्मे दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरातलं झाड दिसू नये, असंही म्हणत असे. ते हसायचे आणि कुणाची तरी काच पुसत बसायचे.

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे मास्तर भेटायला आले. (गाडी चालवायला शिकवतात, पण स्वतःच्या बोलण्याला ब्रेक नाही.) त्या दिवशी मात्र आधी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण हल्ली माझे वाळत घातलेले शर्ट संध्याकाळी भिजत नाहीत."

"संध्याकाळी कशाला भिजतील? मी सकाळी पाणी घालते."

"सकाळचं तुमचं हो. संध्याकाळचं त्यांचं. तुम्ही वाचनालयात गेलात की ते घालायचे. मी ओरडलो की वाकून म्हणायचे, हळू बोला मास्तर, तिला कळलं तर वाईट वाटेल. पुस्तकांच्या नादात विसरते बिचारी."

वन्सं, मी बिचारी! पान पिवळं पडलं की त्यांना वाटे, झाड तहानलं. मग ते आणखी पाणी घालत आणि मी आणखी पुस्तकं आणत असे. दोघांनी मिळून आम्ही तिला बुडवत आणलं होतं, तेही एकमेकांचं मन जपत.

आता तिला एकाच वेळचं पाणी मिळतं. फांदी दिसू नये इतकी फुलं आली आहेत. घरभर वास सुटला आहे आणि मी गॅलरीचं दार लावून बसते. ते गेल्यावर तिचं भलं झालं, हे मला बघवत नाही. पण झाडावर काय रागवायचं? असो. तुम्ही काळजी करू नका.

तुमची,
भावजय

ता. क. : एकाच वेळचं पाणी, असं वर लिहिलं आहे ते खरं नाही. गेल्या आठवड्यापासून संध्याकाळचा तांब्याही मीच घालते. पहिल्याच दिवशी मास्तर खालून ओरडले, "पुन्हा सुरू झालं का?" फार दिवसांनी घर घरासारखं वाटलं.

पुन्हा ता. क. : आज एक पान पिवळं झालं आहे. तेव्हा रविवारी या आणि कुंडी तुमच्याकडे घेऊन जा. मला हात आवरता येत नाही. तुमच्या घरी पाणी कुणीही घालावं, फक्त घातलं की दुसऱ्याला सांगावं.