माझ्या नावाने दिलेलं उत्तर

मुरारीदादा,

भाकरी शिंक्यावर हाय. मी पोलादपूरच्या स्टँडवर चाललेय. हैबती आज मुंबईहून येतायत, बस्ता बांधायला. हो, नावच लिहितेय.

मुलीनं होणाऱ्या नवऱ्याला स्वतः पत्र लिहिणं बरं दिसत नाय, असं तूच म्हणालास. म्हणून साखरपुड्यापासून मी सांगायची नि तू लिहायचास. मांडव, जेवण, वाजंत्री, सगळं आम्ही दोघांनी तसंच ठरवलं. काल तू शेतावर होतास, तेव्हा पोस्टमननं त्यांचं पत्र माझ्या हातात दिलं. लग्नानंतर मुंबईला येशील की सवला, त्यांच्या गावी, त्यांच्या आईजवळ राहशील, असं त्यांनी मागच्या पत्रात विचारलं होतं. ते तू मला वाचूनच दाखवलं नायस. माझ्या नावानं परस्पर कळवून टाकलंस, की मी सवलाच राहून भात लावीन. त्यांनी माझा शब्द समजून बघितलेली खोली सोडून दिली!

मला चौथीपर्यंत शाळेत कशाला घातलंस? हे माझं अक्षर, नीट ओळखून ठेव. आज त्यांनाही दाखवणार हाय. दुसरी खोली मिळेपर्यंत मांडवाला एक खांब उभा करायचा नाय.

ही चिठ्ठी वहिनीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "माझंबी उत्तर माझ्या बापानंच दिलं व्हतं." लग्नाला आठ वर्षं झाली, तू मुंबईला नि ती इथं. आता माझ्या साखरपुड्यापासून रजेवर घरी हायस, तर मी येईपर्यंत तिला विचारून ठेव, तिला तेव्हा काय सांगायचं होतं.

तुळसा