फिप्सचा हक्क आणि झाडायची पाटी

वन्सं ओटिलीबाईंना, स्टुटगार्टहून भावजय एर्नाचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? माझे विचारू नका, आहेत एवढंच. लिहायला बसले, कारण बोलायला घरात कुणी नाही.

आमचे म्हातारे घरमालक हेगेले वारले आणि इमारत त्यांच्या जावयाकडे गेली, लेन्त्सकडे (ढग न बघताच छत्री उघडणारा माणूस). त्यानं आल्या आल्या दारात नवे नियम डकवले: गॅलरीत कपडे नकोत, रविवारी कोबी शिजवू नका, आणि कुत्रं तर मुळीच नको. फिप्सला हलवा, नाहीतर तुम्ही हला. फिप्स म्हणजे तुमच्या भावाचं कुत्रं. स्वतः गेले, त्याला मागे ठेवून गेले. वर परवानगी नसावी.

भाडेकरू संघातल्या पोरीकडे गेले. म्हणाली, आजी, करार झाल्यावर मालकाला एकट्याच्या मर्जीनं नियम बदलता येत नाहीत. जुन्या मालकानं कुत्र्याला हो म्हटलं होतं ना? म्हटलं, हो काय म्हणतेस, सॉसेजचं टोक भरवायचे. मग साक्षीदार आणा, म्हणाली. झालं. साक्षीदार एकच, समोरच्या बॉयर्लेबाई, आणि आमचं बोलणं बंद. (पाटी ज्याच्या दारावर, त्या आठवड्यात जिना त्यानं झाडायचा. ही बाई माझ्या दारावर पाटी अशी आपटून टांगते, की आतला फोटो पडतो. तुमच्या भावाचाच.)

तरी गेले त्यांच्याकडे, मान खाली घालून. केक नेला. बॉयर्लेबाई मालकासमोर आल्या आणि म्हणाल्या, "हेगेले त्या कुत्र्याला मांडीवर घ्यायचे. आणि जिन्यातली घाण कुत्र्याची नव्हे. ही बाईच कोपरे झाडत नाही."

अब्रू गेली, कुत्रं राहिलं. लेन्त्सनं नाक मुरडत मान्य केलं: हे जगेल तोवर राहील, त्यानंतर दुसरं आणायचं नाही. पोरगी म्हणाली, आजी, जिंकलात. असलं जिंकणं वैऱ्यालाही नको. आता नुसते दिवस ढकलायचे.

तुमची एर्ना

ता. क. फिप्स गुरुवारी गेला. खाऊनपिऊन, झोपेत, कुणाला न सांगता. तुमच्या घराण्यात सगळ्यांना हीच सवय. लेन्त्सला कळलेलं नाही. तुमच्या गोठ्यातलं ते तपकिरी, खुरट्या पायांचं, चिडकं कुत्रं पाठवा. लेन्त्सनं फिप्सला एकदाच पाहिलंय, तेही छत्रीआडून. नाव विचारलं तर फिप्सच.

आणखी ता. क. या आठवड्यात पाटी माझ्या दारावर यायची होती. आली, पण न आपटता. बघते तर जिनाही झाडलेला, कोपऱ्यांसकट. म्हणजे बॉयर्लेबाईंना फिप्सचं कळलंय. मी आभार मानले नाहीत. आमच्याकडे ओरडलं नाही की आभार पोचतात. कुत्रं लवकर पाठवा, नाहीतर ही बाई माझ्याशी बोलायला लागेल.