येतो

१७ नोव्हेंबर

आज सकाळी अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि बायकोने, शालूने बांधून दिलेला डबा घेऊन नव्या कामावर गेलो. निपाणीकडचं गाव सोडून बेळगावात आलो त्याला आठवडा झाला. हिंडलग्यात दोन खोल्या मिळाल्या आहेत. अंगणात तुळस आहे. शालूला घर आवडलं, म्हणजे मलाही आवडलं.

काम टिळकवाडीत आहे, जमिनीखालच्या नव्या रेल्वे स्टेशनचं. वरून खड्डा पाहिला तेव्हा वाटलं, आमच्या गावचं देऊळ कळसासकट आत मावेल. लोखंडी जिन्याने उतरायचं आणि तळाशी पंप सांभाळायचा. तळात एक जुनी बांधीव विहीर निघाली आहे. वरचा भाग खोदण्यात गेला, खालचा खडकात राहिला. झरा जिवंत आहे. पंप थांबला की पाणी चढतं आणि काम अडतं. आधीचा पंपवाला भावकू न सांगता गावी गेला, असं मुकादम शामू म्हणाला. "आप्पा, ह्या एका म्हातारीला तेवढं सांभाळा, स्टेशन आमी बांधतो."

विहिरीला जास्वंदीचं फूल वाहिलं. सुटताना पाण्याकडे बघून सवयीने "येतो" म्हणालो. निघताना "जातो" म्हणू नये, हे आईने लहानपणीच शिकवलं. शामू हसला. म्हणाला, पावण्याच्या घरातनं निघाल्यागत काय करतासा.

२१ नोव्हेंबर

सुटताना "येतो" म्हणालो आणि खालून "ये" ऐकू आलं. खड्ड्यात आवाज घुमतोच. घरी जेवताना लक्षात आलं, घुमून परत येतो तो शब्दाचा शेवट. मला "तो" ऐकू यायला हवं होतं.

२६ नोव्हेंबर

ते "ये" रोज ऐकू येतं. आवाज बाईचा की पुरुषाचा, सांगता येत नाही. घरातलं माणूस हातातल्या कामावरून मान वर न करता म्हणतं, तसं. भीती वाटायला हवी. वाटत नाही. हात मात्र गार पडतात.

इंजिनियर रघुवीर साहेबांना सांगितलं. भला माणूस आहे, हसले नाहीत. म्हणाले, अहो नागोजी, दिवसभर पंपाशेजारी बसून कान असेच होतात. रविवारी घरी थांबा. दहा तारखेला विहिरीवर काँक्रीट पडलं की ही कटकट संपली.

३० नोव्हेंबर

रविवार. घरीच होतो. काल सुटताना मुद्दाम काही बोललो नव्हतो. फूलही वाहिलं नव्हतं.

दुपारी सोप्यात बसलो होतो. मोरीतून "ये" आलं. तोच आवाज. शालू चुलीपासून उठली आणि "आले, आले" म्हणत, पदराला हात पुसत मोरीकडे निघाली. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, तुमीच हाक मारलासा न्हवं? मी हो म्हणालो.

शब्द मी दिला, आणि ओ ती देते आहे.

३ डिसेंबर

सांबऱ्याला भावकूच्या घरी जाऊन आलो. त्याची बायको नागुबाई शेंगा फोडत बसली होती. मी विहिरीचं नाव काढलं तरी तिचे हात थांबले नाहीत. तिच्याकडेही मोरीतून हाक यायची. थोरली लेक ओ द्यायला लागली होती. मग एका सकाळी भावकू उंबऱ्यात उभा राहून "जातो" म्हणाला. जन्मात कधी तसं बोलला न्हवता, म्हणाली. त्या दिवसापासून मोरी गप्प आहे.

भावकू गावी गेला का, असं विचारलं. म्हणाली, हेच की त्याचं गाव.

उठताना "येतो" तोंडावर आलं होतं. गिळलं.

६ डिसेंबर

शालूला माहेरी जा म्हणालो. म्हणाली, तुमच्या भाकरीचं काय. मग माझ्या लक्षात आलं, माहेरीही मोरी आहेच.

जप करायला बसलो. माळ फिरत होती. मन कुठेच नव्हतं.

७ डिसेंबर

काँक्रीटची तयारी झाली. विहिरीचं तोंड बंद झालं की हाक मारायला तिला आमची मोरीच उरेल.

८ डिसेंबर

कामावरून आलो तर शालू मोरीत उभी. भिंतीकडे तोंड. पाय घोट्यापर्यंत ओले — मोरी कोरडी. "आले" म्हणत होती. हळू, झोपेतल्यासारखं. हलवलं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, तुमी तर आत हुतासा —

९ डिसेंबर

खाली आहे. विहिरीच्या काठावर. माणसं चहाला वर गेलीत. पंप बंद केला. पाणी चढतंय, आवाज न करता —

सकाळी दिवा लावला. डबा घेतला नाही. शालू म्हणाली, विसरलासा. उंबऱ्यात थांबलो. तिच्याकडे नीट बघितलं.

जातो, म्हणालो.

ती रागावली. असं बोलत्यात व्हय, येतो म्हणा. फाटकापर्यंत मागे आली. म्हणा की, म्हणा की —

म्हटलं नाही. वळून बघितलं नाही.

फूल वाहिलं. हाक आली. आलो, म्हणून सांगितलं. पाय गार —