आरशातला हात

३ ऑगस्ट

गेले एकदाची! दाढी-कटिंगच्या शाळेत आम्ही पाचजण, त्यात बाई मी एकटी. शाळा म्हणजे सरांच्या दुकानामागची खोली — एक मोठा आरसा, एक खुर्ची, चार स्टुलं. मी उशिरा पोचले, म्हणून माझ्या वाट्याला सरांच्या पाठीमागे पालथी बादली. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं — "कोर्स संपला की पाचांतल्या एकाला माझ्या दुकानात खुर्ची." बस्स! मला ती खुर्ची हवीच आहे. नवरा म्हणे, "आधी वस्तरा तर धरायला शीक!"

९ ऑगस्ट

फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं अलगद उतरवायचा. फुटला की गिऱ्हाईक मेलं! आज माझी चार गिऱ्हाइकं दगावली. वर्गात एक ताडमाड पोरगा आहे, लांब्या — त्याची सहा. फार बरं वाटलं.

१७ ऑगस्ट

एकही फुगा फुटला नाही!!

२१ ऑगस्ट

काय ही फजिती! लांब्या मध्येच म्हणाला, "ताई, तुम्ही डावखुऱ्या का?" छे! जेवते उजव्या हातानं, लिहिते उजव्या हातानं. बघते तर वस्तरा डाव्या हातात! सरांची पाठ आड येते, म्हणून मी सगळं आरशात बघून शिकले होते. त्यात हात उलटा! सगळे हसून लोळले. मीही हसले. पण सर हसले नाहीत. "हात बदल. परीक्षेला उजवा लागेल." घरी येईपर्यंत माझं धाबं दणाणलं होतं. गेली का माझी खुर्ची?

२८ ऑगस्ट

उजव्या हातानं फुगे. कत्तल! नवरा विचारतो, "आज किती गेले?" त्याला मेल्याला मजा वाटते.

५ सप्टेंबर

परीक्षा झाली! ज्यानं त्यानं आपापला माणूस आणायचा होता. नवरा चांगली तीन दिवसांची दाढी वाढवून आला. वस्तरा बघितला मात्र, आणि पोटात कळ आली म्हणून जो बाहेर गेला तो गेलाच. भित्री भागूबाई! मी अगदी रडकुंडीला आले. तर सर स्वतःच खुर्चीत येऊन बसले — "चल, लाव फेस."

उजव्या हातात वस्तरा धरला, दोनदा गालाजवळ नेला, दोनदा मागे घेतला. सर डोळे मिटूनच म्हणाले, "डाव्यानं कर गं." हात बदलला आणि काय सांगू! गाल, हनुवटी, गळा — कुठे अडलं नाही, कुठे ओरखडा नाही. आणि मध्येच घुर्र घुर्र. सर चक्क घोरत होते! लांब्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, आमची खुर्ची गेली." मला हसू आवरेना. इतका आनंद मला कधी झाला होता, आठवत नाही.

६ सप्टेंबर

खुर्ची मला!

पण दुकानात जागा रिकामी नव्हतीच. सर आपली स्वतःची खुर्ची देताहेत. डोळे अधू होत चाललेत, म्हणाले, आता वस्तरा हातात धरवत नाही. "काल झोपलो नव्हतो गं. घोरण्याचं सोंग होतं. खुर्ची सोडायची म्हणून डोळ्यांत पाणी येत होतं; ते तुला दिसलं असतं, तर तुझा हात हलला असता."