देव बुडवायचं पानी

१२ जून १९४५
व्याह्याचं पत्र आलं. भिमाजी लिवतो — पुष्पीला सातवा लागला, पन तुमच्या गावात पान्याचा ठनठनाट हाय आसं ऐकतो. समक्ष येऊन परसू बघीन. हिरवं दिसलं तरच पोरगी बाळंतपनाला धाडीन.
बघा तोरा! पयलं बाळंतपन, आन् माझी लेक सासरी कन्हत बसंल?
लगीच उलट लिवलं — परसू हिरवंगार हाय, या! खोटं न्हाई. घोसाळ्याच्या वेलाला चार पानं हिरवी हायती. मोजली.

१४ जून
ढग न्हाई. लढाई सरली म्हनं, पन रॉकेलची रांग हाय तिथंच. आन् आडावर पान्याची दुसरी. माझ्या वाट्याला दिसाला दोन घागरी. अंघोळ आता वेलाच्या आळ्यातच करते. वेल बघतोय? बघू दे! मालक गेल्यापास्नं कोन बघतंय मला!

१९ जून
शेजारची कडूबाई कुडावरनं वाकून — "आत्याबाई, तुमचा वेल जगला कसा?"
म्हनलं, "मी त्याला ओव्या म्हनते."
आज सकाळी ही बया वाळल्या वांग्याम्होरं बसून गात हुती! हसून हसून कुडाला टेकले.

२६ जून
पंचांनी ठरवलं — महादेव पान्यात बुडवायचा. पिंड बुडली की देव गुदमरतो, मंग पाऊस सोडतो. घरटी एक घागर. लग्नात माझी सावली चालत न्हाई, घागर मातर चालली!
देऊळ माझ्या परसाला लागून. गाभाऱ्याचं पानी जातं ती मोरी माझ्याच वेलापाशी निघती. गुरवानं तिच्यात चिंध्यांचा बोळा ठोकला.

२७ जून
दुपारी गुरव घोरत हुता. बोळा निघाला. आपसूक. म्हंजे हात माझा हुता. पानी वेलाला गेल्यावर बोळा पुन्यांदा हुता तसा ठोकला.
देवा, तुलाबी जरा मोकळं वाटलं आसंल!

२८ जून
गाभारा कोरडा! गुरव नाचतोय — "देव प्याला! तहानला हुता म्हनून रुसला हुता!" समदं गाव पाया पडलं. मीबी पडले. पुन्यांदा घरटी एक घागर.
कडूबाईनं हुती ती एकुलती घागर वतली. घरात तान्हं हाय तिच्या. सांजच्याला माझी एक घागर तिच्या दारात नेऊन ठिवली. म्हनली, "आत्याबाई, तुमचं मन लई मोठं."
मान वर झाली न्हाई माझी.

३० जून
बोळा आता काढनार न्हाई.
काढला. आर्धाच.

५ जुलै
भिमाजी आला. वेल कुडावर चढलेला. दोनदा भवती फिरला, आळ्यात बोट खुपसलं. "ओल हाय की!" गड्याचं डोळं भरलं.
म्हनलं, "सुनंसाठी कवा रडला न्हाईत, वेलासाठी रडताय व्हय?"
हसला न्हाई. "परवाच आनतो." जिंकले!!

७ जुलै
गाडी आली. पुष्पी उतरली. मागनं तिची सासू, दोन जावा, आजेसासू, पाच पोरं. आन् सात रिकामे डबे.
भिमाजी खाली बघत — "आमचा आड आटून म्हैना झाला, विहीनबाई. तुमच्याकडं पानी हाय, म्हनून..."
ओसरीवर समदे तांब्याची वाट बघत बसल्यात. घरात आर्धी घागर हाय.