डावीकडचा ठिपका

३ जून
नवी नोकरी, नवं गाव आणि दवाखान्यासमोरच दोन खोल्या! बाबा सामान लावताना शीळ घालत होते, आई गेल्यापासून पहिल्यांदाच. माझं काम एमआरआय विभागात. मेंदूतलं पाणी कसं हलतं ते टिपणारी चित्रं इथे काढतात. पक्षाघात त्यांत पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. घाईत काढलेलं चित्र मात्र वाळू फेकल्यासारखं दाणेदार येतं. ती वाळू झाडायला मी संगणकातल्या एआय मॉडेलला शिकवायचं. चार मिनिटांचं काम एका मिनिटात!

९ जून
शिकवणीसाठी निरोगी माणसं हवी होती. बाबा हौसेने यंत्रात जाऊन झोपले. बाहेर येऊन म्हणाले, घरघर थेट तुझ्या आईच्या घोरण्यासारखी, छान डोळा लागला. तंत्रज्ञ बाईंची हसून पुरेवाट झाली.

२१ जून
डोकं दुखतं म्हणून आलेल्या एका शिक्षिकेच्या साफ केलेल्या चित्रात ठिपका. मूळ चित्रात नाही, सावकाश काढलेल्यातही नाही. विभागप्रमुख डॉक्टरीणबाई कडाडल्या: तुझं मॉडेल मनचे मांडे खातंय. शिक्षिकेला घरी पाठवलं.

२४ जून
शिक्षिका स्ट्रेचरवरून परत आली. ठिपका त्याच जागी, आता मूळ चित्रातही.

२८ जून
एका सुताराचंही तसंच. बरोबर तीन दिवसांनी. मॉडेलला तीन दिवस आधीच दिसतं, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगून पाहिलं. योगायोग, म्हणाल्या, मुकाट्याने दुरुस्त कर. मी मान डोलावली.

६ जुलै
दुरुस्ती झाली. मुळात नसेल ते मॉडेल आता दाखवतच नाही. तपासायला पुन्हा बाबाच. चित्र आरशासारखं लख्ख. सगळ्यांनी पाठ थोपटली.

८ जुलै
चैन पडेना. बाबांचं परवाचं चित्र जुन्या मॉडेलमधून काढलं.
ठिपका. डावीकडे, जिथून माणूस बोलतो तिथे.
दोन दिवस माझ्याच शहाणपणात गेले.

९ जुलै, सकाळ
डॉक्टरीणबाईंचे पाय धरले. लक्षण नाही, खाट नाही, म्हणतात. बाबांना दवाखान्याच्या दारातल्या बाकावरच बसवलंय. ते मलाच समजावतायत, वेडाबाई, मी ठणठणीत —

दुपार
बोलता बोलता वाक्य अर्ध्यात — ओठ हलतात, शब्द नाही — उजवा हात लोंबतोय — डॉक्टरीणबाई धावत आल्या, रडतायत. आता रडून काय —

संध्याकाळ
बाबा, तो ठिपका मी पुसला. माझ्या हातांनी. असं बाबांना सांगितलं. कळलं की नाही — डाव्या हाताने माझं मनगट धरलंय, काहीतरी म्हणायचंय त्यांना, ब — बा — बाळ म्हणतायत का — बोला ना बाबा — पकड सैल —