बाबांच्या अंगठ्यापुरता खेळ

ती. ताईस,

नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवतो.

आपला कॉम्प्युटरवरचा जुना प्रश्नमंजुषेचा खेळ आता टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर येतोय. तो तपासायचं काम माझ्याकडे आहे. दिवसभर चारही खेळाडू मीच असतो, अंगठे भरून येतात. खरं सांगू? जुन्याची सर याला नाही. प्रश्न सोपे झालेत, निवेदकाचे टोमणे बोथट. एका कीबोर्डवरची आपली ढकलाढकलीही गेली.

पण यात उत्तर टाइप करावं लागत नाही, अंगठ्याने बटण दाबलं की झालं. म्हणून बाबांसाठी पाठवतोय. झटक्यानंतर त्यांचा डावा हात नीट चालतो ना?

त्यांच्यासमोर मुद्दाम हरू नकोस. ते लगेच ओळखतील आणि पुन्हा खेळायला बसणार नाहीत.

तुझा दमलेला,
धाकटा